रियाजाच्या तानपुऱ्यासाठी घरच्या घरी छोटा अँप्लिफायर

धागाकर्ता: मंद्रपंचम

मोबाइलवर तानपुऱ्याची ॲप आल्यापासून रियाजाची फार मोठी सोय झाली आहे. पण मोबाइलच्या स्पीकरमधून आपल्याला ऐकू येतो तो तानपुऱ्याचा फक्त वरचा पापुद्रा. पुरुषाचा सा काळी एक (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) धरला तर तो साधारण १३९ हर्ट्झला येतो, खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर म्हणजे ६९ हर्ट्झला आणि मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, १०४ हर्ट्झला. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा. चार-पाचशे हर्ट्झच्या खाली त्याच्याकडून फारसं काही निघत नाही. जवारीमुळे (घोडीवर तार झणझणावी अशी केलेली घडण) प्रत्येक तारेत वरचे स्वर इतके भरपूर असतात की कान खालचा सा आपणच जुळवून घेतो. सूर कळतो, पण त्यावर गळा टेकवता येत नाही. शिकणाऱ्या मुलांचा सा थोडा थोडा चढत जातो, यात याचा वाटा आहे असं माझं मत आहे.

म्हणून हा अँप्लिफायर. हातात मावणारा, बॅटरीवर चालणारा, एका स्पीकरचा. तयार ब्लूटूथ स्पीकर मिळत असताना हा खटाटोप कशाला, असं कुणीही विचारेल. तयार स्पीकर बिघडला की सहसा उघडताही येत नाही, हा उघडता येतो. आणि यात स्पीकर व खोका आपल्या पट्टीप्रमाणे निवडता येतो. मला हे दुसरं कारण जास्त मोलाचं वाटतं.

आधी बॅटरीबद्दल, कारण ती फक्त इकडून तिकडे नेण्याच्या सोयीसाठी नाही. ट्रान्सफॉर्मरच्या साध्या अडॅप्टरवर असा अँप्लिफायर चालवला तर १०० हर्ट्झचा घूंऽऽ आवाज मागे राहतो. आपली वीज ५० हर्ट्झची, डायोडच्या ब्रिजमधून गेली की तिचा चढउतार सेकंदाला १०० वेळा होतो. आता काळी एकचा मंद्र पंचम पाहा: १०४. हे दोन स्वर एकत्र वाजले की सेकंदाला चारएक आंदोलनं ऐकू येतात, म्हणजे तानपुरा बेसुर लागल्यासारखाच. गाण्याला याहून वाईट पार्श्वभूमी दुसरी नसेल. बॅटरीवर हा प्रश्नच उरत नाही.

आता सर्किट. आयसी एलएम३८६. नॅशनल सेमीकंडक्टरने काढलेला हा आठ पिनांचा जुना आयसी आजही सगळीकडे मिळतो, दहा-वीस रुपयांत. याच्याहून ताकदवान आणि स्वस्त तयार बोर्डं आहेत, ती प्रतिसादात येतीलच. तरी पहिला अँप्लिफायर याच्यावर करावा, कारण प्रत्येक पिनेला काय जोडलं आणि का जोडलं हे एका बैठकीत समजतं.

सामान: एलएम३८६ आणि त्याचा ८ पिनांचा आयसी बेस, १० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट (लॉग प्रकारचा मागा, लिनिअर घेतला तर सगळा आवाज सुरुवातीच्या वळणातच उघडतो), १ किलोओहमचे दोन रेझिस्टर, १० ओहमचा एक, कॅपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा एक, १० चा एक, २२० चा एक, ४७० चा एक, ०.१ आणि ०.०४७ चा एकेक, स्विच, ३.५ मिमीच्या स्टिरिओ पिनेची वायर, सहा एए सेलचा होल्डर, जनरल पर्पज बोर्डाचा तुकडा. मोठे कॅपॅसिटर १६ किंवा २५ व्होल्टचे घ्या.

आयसीची खाच वर धरली की डावीकडे वरून खाली १ ते ४ आणि उजवीकडे खालून वर ५ ते ८. मोबाइलकडून येणारे डावा आणि उजवा हे दोन चॅनेल थेट एकमेकांना जोडू नका. तसं केलं तर मोबाइलच्या आतले दोन अँप्लिफायर एकमेकांशी झुंजतात. प्रत्येकात १ किलोओहम टाकून मग एकत्र करा. तिथून १ मायक्रोफॅरडमधून पॉटच्या वरच्या टोकाला. पॉटचं खालचं टोक ग्राउंडला (ग्राउंड म्हणजे बॅटरीचा मायनस, मोबाइलच्या वायरीचं तिसरं टोकही तिथेच), मधली पिन आयसीच्या ३ ला. २ आणि ४ ग्राउंडला. ६ ला स्विचमधून बॅटरीचा प्लस. ६ आणि ४ यांच्यामध्ये २२० आणि ०.१ हे दोन कॅपॅसिटर, जितके आयसीजवळ बसवता येतील तितके जवळ. ७ पासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड. ५ म्हणजे आउटपुट. तिथून एक वाट ०.०४७ आणि त्याच्या पुढे १० ओहम अशी ग्राउंडला जाते, दुसरी ४७० मायक्रोफॅरडमधून (प्लस टोक आयसीकडे) स्पीकरला. स्पीकरचं दुसरं टोक ग्राउंडला.

१ आणि ८ मोकळ्या सोडा. हे मुद्दाम वेगळं लिहितो. इंटरनेटवरच्या बऱ्याच आकृत्यांत या दोन पिनांमध्ये १० मायक्रोफॅरड दाखवलेला असतो. त्याने आयसीचं वर्धन २० पटींवरून २०० पटींवर जातं. माइक जोडायचा असेल तर ते हवं. मोबाइलच्या हेडफोन सॉकेटमधून निघणारा सिग्नल मुळातच मोठा असतो. ९ व्होल्टवर हा आयसी ८ ओहमच्या स्पीकरला पूर्ण ताकदीने चालवायला २० पटींत साधारण १२० मिलिव्होल्ट पुरतात, आणि मोबाइल त्याच्या कितीतरी पट देतो. २०० पट केलं की हाती येते फक्त जास्तीची खसखस आणि शिटी मारायची प्रवृत्ती.

कॅपॅसिटरची मापं मी खर्ज डोळ्यांसमोर ठेवून निवडली आहेत. आउटपुटला २२० टाकला तर ८ ओहमच्या स्पीकरसोबत ९० हर्ट्झच्या खाली आवाज उतरायला लागतो. ४७० ला ही सीमा ४२ वर येते. इनपुटलाही तेच: १० किलोओहमच्या पॉटसोबत ०.१ टाकला तर दीडशे हर्ट्झच्या खालचं गळू लागतं, म्हणजे काळी एकचा सा सुद्धा कापला जातो. १ टाकला की सोळाच्या आसपास, काळजी मिटली.

एवढं करून स्पीकर चुकला तर सगळं वाया. चार किंवा पाच इंची, ८ ओहमचा, जाड कागदी पडद्याचा घ्या. जुन्या रेडिओतला, जुन्या टीव्हीतला चालेल. आणि तो उघडा वाजवू नका. पडदा पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खालच्या स्वरांत ही दोन्हीकडची हवा कडेने वळसा घालून एकमेकींना मिटवते. खात्री करायची असेल तर पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचं भोक पाडा, वाजत्या स्पीकरवर तो पुठ्ठा घट्ट धरा. खर्ज एकदम भरून येतो. एकही पार्ट न बदलता झालेला हा फरक ज्याने एकदा ऐकला तो पुन्हा वॅटच्या मागे लागत नाही.

खोका नऊ किंवा बारा मिमीच्या प्लायवुडचा, मागून बंद, चार-पाच लिटरचा. सांधे फेव्हिकॉलने भरून घ्या. आत थोडा कापूस सैलसर ठेवा. झाकणाला फटी राहिल्या तर त्यातून फुसफुस येते, तिथे एमसील लावा.

सेल सहा एए अल्कलाइन. शांत असताना आयसी ४ मिलिअँपिअर घेतो, खोलीत रियाज होईल एवढ्या आवाजाला सरासरी पन्नास-साठ. तीस तासांच्या वर सहज जातात. ९ व्होल्टचा चौकोनी सेल टाळा. त्याची क्षमता याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास आणि आतला रोध जास्त. आवाज वाढवला की व्होल्टेज बसतं आणि स्वर फाटतो.

विचारा, जमेल तसं सांगतो.

प्रतिसाद: ओवी

दादा, फार उपयोगी लिहिलंत. वाचनखूण साठवली. आई भजनी मंडळात गाते, तिची पट्टी काळी पाच. तिच्यासाठी तीन इंची स्पीकर चालेल का? पिशवीत घालून नेण्याएवढा हवा आहे.

प्रतिसाद: मंद्रपंचम

ओवी, काळी पाचचा सा २३३, खर्ज ११७ हर्ट्झ. पुरुषांच्या पट्टीच्या मानाने बरंच वर आहे, त्यामुळे बंद डब्यात बसवलेला चांगला तीन इंची चालून जाईल. खर्जाचा मूळ स्वर थोडा पातळ येईल, सा आणि वरचं सगळं नीट. चार इंची मिळाला तर तोच घ्या, पिशवीत फार फरक पडत नाही. मंडळात टाळ-मृदंग असतील तर मात्र हा छोटा अँप्लिफायर त्यात ऐकू येणार नाही. आईंना घरी चाली बसवायला चांगला.

प्रतिसाद: जुना_मेकॅनिक

धागा वाचून बरं वाटलं. आम्ही शिकलो तेव्हा आउटपुटला एसी१८७ आणि एसी१८८ ही जर्मेनियमची जोडी असायची, त्याआधीच्या सेटात पुश-पुल ट्रान्सफॉर्मर. जर्मेनियम तापला की जास्त करंट घेतो, जास्त करंटने आणखी तापतो, उन्हाळ्यात सेट घेऊन येणाऱ्यांची रांग लागायची. मग टीबीए८१० आला, टेपच्या जमान्यात एलए४४४०. ती सगळी मोठी खटपट आता या आठ पिनांत आली आहे. पण आतलं काम तेच आहे: एक ट्रान्झिस्टर वर ओढतो, एक खाली.

जुना स्पीकर घेणाऱ्यांसाठी. मल्टिमीटरवर ८ ओहमचा स्पीकर सहा-सात ओहम दाखवतो, ते बरोबर आहे. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. पडद्यावर दोन्ही अंगठे समोरासमोर ठेवून अगदी हलकेच आत ढकला. घासल्याचा आवाज आला तर कॉइल मध्यावर नाही, तो स्पीकर घेऊ नका. तानपुऱ्याच्या संथ आवाजात ती घासण उघडी पडते, सिनेगीतात कदाचित कळणारही नाही. कडेचा फोम भुगा झालेला असेल तरी नको, कागदी कडेचा जास्त टिकतो. प्लस-मायनस कळत नसेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. पडदा बाहेर आला तर सेलचा प्लस ज्या टोकाला लागला तेच स्पीकरचं प्लस.

आणि ती १० ओहम व ०.०४७ ची जोडी कुणी "नसली तरी वाजतंय" म्हणून गाळू नये. स्पीकरची कॉइल उंच फ्रीक्वेन्सीला आयसीला पेलेनाशी होते, ती जोडी त्याला आधार देते. नसली तर कानाला ऐकू न येणाऱ्या फ्रीक्वेन्सीला आयसी आपल्याआप वाजत राहतो, तापतो आणि सेल खातो.

प्रतिसाद: सोहम_पॉली

मी डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. काका, आदर ठेवून विचारतो, एलएम३८६ आजच्या काळात का? पीएएम८४०३ या अँप्लिफायर आयसीचं तयार बोर्ड पन्नासेक रुपयांत मिळतं, स्टिरिओ, ५ व्होल्टवर ४ ओहमला ३ वॅट प्रत्येकी. क्लास-डी आहे, आउटपुट ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद, त्यामुळे उष्णतेत फार कमी जातं. आउटपुट कॅपॅसिटरही लागत नाही, म्हणजे तुम्ही म्हणता ती खर्ज कापला जायची भानगडच नाही. शिवाय एकाच लिथियम सेलवर चालतो.

प्रतिसाद: मंद्रपंचम

सोहम, मुद्दे सगळे बरोबर आहेत आणि आउटपुट कॅपॅसिटरचा तर फारच चांगला. दुसरा अँप्लिफायर करणाऱ्याने तेच बोर्ड घ्यावं.

फक्त ३ वॅटच्या आकड्याकडे थोडं थांबून बघ. तो १० टक्के विकृतीचा आकडा आहे, स्वर फाटलेला असताना मोजलेला. माझ्या आयसीचे ९ व्होल्टवरचे ७०० मिलिवॅटही त्याच मापाने. लिथियम सेलच्या ३.६ व्होल्टवर तुझे ३ वॅट दीडच्या आसपास येतात. आणि ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दहापट ताकद लागते. चांगल्या चार-पाच इंची स्पीकरची संवेदनशीलता १ वॅटला १ मीटरवर ८८ डेसिबल धर. त्याला नुसता दशांश वॅट दिला तरी ७८ डेसिबल मिळतात. आपलं साधं बोलणं साठच्या आसपास असतं. खोलीतल्या तानपुऱ्याला याहून जास्त लागत नाही, उलट गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यायला हवा.

म्हणून माझा आग्रह: त्या पैशांतून स्पीकर चांगला घ्या.

प्रतिसाद: सोहम_पॉली

पटलं. घेणाऱ्यांसाठी पीएएम८४०३ बद्दल तीन गोष्टी सांगून ठेवतो. याचं आउटपुट ब्रिज पद्धतीचं आहे, स्पीकरची दोन्ही टोकं जिवंत असतात. स्पीकरचं मायनस ग्राउंडला किंवा दुसऱ्या चॅनेलच्या मायनसला जोडायचं नाही. हेडफोन तर अजिबात लावायचा नाही, कारण हेडफोनच्या वायरीत दोन्ही मायनस एकच असतात. व्होल्टेज साडेपाचच्या वर नको, आणि प्लस-मायनस उलट झालं तर बोर्ड गेलं म्हणून समजा, त्यात संरक्षण नाही.

प्रतिसाद: मीनल_ठाणे

मी शनिवारी ब्रेडबोर्डवर जुळवला. सुरू केल्यावर तानपुरा वाजतो, पण व्हॉल्यूम अर्ध्यावर गेला की फट्-फट्-फट् असा बोट चालल्यासारखा आवाज सुरू होतो आणि थांबत नाही. सेल ९ व्होल्टचा चौकोनी आहे, घरात तोच होता. २२० चा कॅपॅसिटर नव्हता म्हणून गाळला. बाकी सगळं तुम्ही लिहिल्याप्रमाणे.

प्रतिसाद: जुना_मेकॅनिक

ताई, दुखणं त्या दोन गोष्टींतच आहे. आवाजाचा झटका आला की स्पीकरला करंट लागतो, त्या सेलचं व्होल्टेज बसतं. बसलेलं व्होल्टेज आयसीच्या आतल्या मधल्या बिंदूला ढकलतं, तो धक्का पुन्हा आउटपुटला येतो, परत सेल बसतो. हे चक्र सेकंदाला काही वेळा फिरतं तेच तुम्ही ऐकताय. २२० चा कॅपॅसिटर हा आयसीच्या दाराशी ठेवलेला करंटचा साठा आहे. तो लावा, सहा एए सेल लावा. ७ नंबरच्या पिनेचा १० मायक्रोफॅरड नीट बसलाय का तेही बघा.

प्रतिसाद: मंद्रपंचम

शिवाय ग्राउंडच्या वायरी एका रांगेत न ओवता ४ नंबरच्या पिनेजवळ एकाच जागी आणा. स्पीकरचा परतीचा करंट आणि पॉटचं ग्राउंड एकाच लांब वायरीतून गेलं तरी असाच घोळ होतो. मोबाइलकडून येणारी वायर आणि स्पीकरची वायर बोर्डाच्या विरुद्ध बाजूंनी काढा.

प्रतिसाद: मीनल_ठाणे

गेला! सेल आणि कॅपॅसिटर दोन्ही बदलले, पूर्ण व्हॉल्यूमलाही शांत आहे. पुठ्ठ्याचा प्रयोगही केला, नवऱ्याला मुद्दाम बोलावून ऐकवला. आता एकच: मध्येच टिर्र-टिर्र-टिर्र असा आवाज येतो आणि लगेच फोन वाजतो.

प्रतिसाद: सोहम_पॉली

तो जुन्या टूजी सिग्नलचा आहे. त्यात मोबाइल सेकंदाला सुमारे २१७ वेळा झटक्याने प्रक्षेपण करतो, ते तुमच्या इनपुटच्या वायरीत शिरतं आणि आयसी त्याचा आवाज करून दाखवतो. इनपुटला शिल्डेड वायर वापरा, पिन ३ आणि ४ मध्ये ४७० पिकोफॅरडचा छोटा सिरॅमिक कॅपॅसिटर टाका.

प्रतिसाद: मंद्रपंचम

आणि रियाजाला बसताना फोन फ्लाइट मोडवर टाका. तानपुऱ्याच्या बहुतेक ॲपना नेट लागत नाही. आवाजही गेला आणि मध्ये येणारे फोनही.

प्रतिसाद: तपकीरगल्ली

सामान कुठे मिळेल असं दोघांनी व्यनितून (खाजगी निरोपातून) विचारलं म्हणून इथेच लिहितो. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्ली, मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोड. दुकानात यादी लिहूनच न्या, तोंडी सांगू नका, काउंटरवर गर्दी असते. कॅपॅसिटर सांगताना मायक्रोफॅरड आणि व्होल्ट दोन्ही सांगा. आयसी दोन घ्या. घरी आल्यावर स्पीकर न जोडता ९ व्होल्ट द्या आणि ५ नंबरची पिन मोजा. पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे साडेचारच्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत. शून्य किंवा पूर्ण नऊ दिसले तर एकतर जोडणी चुकली किंवा आयसी खराब. मगच स्पीकर लावा.

प्रतिसाद: ओवी

घरात पॉवर बँक पडून आहे. सेलऐवजी ती लावली तर? ५ व्होल्ट असतात ना?

प्रतिसाद: मंद्रपंचम

एलएम३८६ चार व्होल्टपासून चालतो, तेव्हा वाजेल. पण ५ व्होल्टवर ताकद फार उतरते, आणि दुसरी अडचण मोठी आहे. पुष्कळ पॉवर बँका करंट खूप कमी दिसला की मोबाइल भरून झाला असं समजून आपोआप बंद होतात. आपला अँप्लिफायर शांत असताना ४ मिलिअँपिअर घेतो. तानपुरा क्षणभर थांबवला की पॉवर बँक झोपते. त्याच पॉवर बँकेवर मोबाइलही चार्जिंगला लावला तर कुईंऽऽ असा बारीक आवाज येतो, कारण दोघांचं ग्राउंड दोन वाटांनी जोडलं जातं. पॉवर बँक नकोच.

प्रतिसाद: रानवारा

आमच्याकडे रत्नागिरीत प्लायवुड पावसाळ्यात फुगतं. मी खोका म्हणून प्लंबिंगच्या चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि दोन टोप्या वापरायचा विचार करतोय. चालेल?

प्रतिसाद: मंद्रपंचम

उत्तम कल्पना, मला सुचली नव्हती! चार इंची म्हणजे बाहेरून ११० मिमीचा पाइप. आतला व्यास १०४ धरला तर वीस सेंटिमीटर लांबीत पावणेदोन लिटरच्या आसपास जागा मिळते. तीन इंची स्पीकरला ती पुरे. चार-पाच इंची बसवायचा तर सहा इंची, म्हणजे १६० मिमीचा पाइप घ्या, तीस सेंटिमीटरला पाच लिटरच्या वर जागा. गोल पाइप प्लायवुडच्या सपाट फळीसारखा थरथरत नाही, हा मोठाच फायदा. टोपी मात्र सपाट आणि पातळ असते, तिला आतून एक लाकडी चकती चिकटवा. कापूस आत भरायला विसरू नका, नाहीतर पाइपचा स्वतःचा एक स्वर घुमतो आणि तानपुऱ्यात तो चालणार नाही. वायरीचं भोक एमसीलने बंद.

प्रतिसाद: न्यूजर्सीची_मृण्मयी

इकडे रविवारी मुलांचा गाण्याचा वर्ग भरतो, तिथे असा एक हवाच आहे. इकडची वीज ६० हर्ट्झ, म्हणजे अडॅप्टरचा घूं १२० हर्ट्झला येईल ना? काळी पाचचा खर्ज ११७. म्हणजे आमच्या मुलींच्या पट्टीला तो इकडे त्रास देणार! हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. पुण्याहून बनवून आणणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, सुटे लिथियम सेल विमानात चेक-इन बॅगेत चालत नाहीत, हातातल्या सामानातच न्यावे लागतात.

प्रतिसाद: मंद्रपंचम

मृण्मयी, हिशोब अगदी बरोबर. सेकंदाला साडेतीनच्या आसपास आंदोलनं. बॅटरीवरच ठेवा.

प्रतिसाद: रानवारा

सेल परत परत विकत घेण्यापेक्षा १८६५० मापाचे लिथियम सेल घालून चार्जिंगची सोय केली तर? जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल माझ्याकडे आहेत.

प्रतिसाद: सोहम_पॉली

पीएएम८४०३ साठी एक सेल आणि टीपी४०५६ चं चार्जिंग बोर्ड पुरतं. बोर्ड घेताना ज्याच्यावर बी प्लस, बी मायनससोबत आउट प्लस, आउट मायनस अशा वेगळ्या खुणा आहेत तेच घ्या, त्यात सेल जास्त उतरू न देणारं संरक्षण असतं. हे बोर्ड मुळात १ अँपिअरने चार्ज करतं. जुन्या सेलला ते जास्त आहे. बोर्डावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून २ किलोओहमचा लावला की सहाशे मिलिअँपिअरच्या आसपास येतं. दोन सेल सिरीजमध्ये लावून हे बोर्ड वापरायचं नाही. चार्ज होत असताना अँप्लिफायर वाजवायचाही नाही, सेल भरला हे बोर्डाला नीट कळत नाही.

प्रतिसाद: जुना_मेकॅनिक

जुने लॅपटॉपचे सेल मापल्याशिवाय वापरू नका. दोन व्होल्टच्या खाली गेलेला असेल तर तो चार्ज करायच्या फंदात न पडता ई-कचऱ्यात द्या. सेलवर थेट सोल्डर मारू नका, होल्डर वापरा. आणि शाळकरी मुलं करणार असतील तर एए सेलच द्या. शॉर्ट झाला तर तो गरम होईल एवढंच, लिथियम पेट घेतो.

प्रतिसाद: मीनल_ठाणे

शेवटचा प्रश्न. तानपुऱ्यासोबत ॲपमधला तबला लावला की धा आणि गे च्या वेळी आवाज फाटतो. तानपुरा एकटा असताना स्वच्छ आहे. आयसी बदलू का?

प्रतिसाद: मंद्रपंचम

आयसी चांगला आहे. तानपुरा सलग वाजतो, त्यात चढउतार कमी. डग्ग्याचा घाव सरासरीच्या कितीतरी वर उसळतो आणि ९ व्होल्टमध्ये तेवढी जागा नसते, माथा कापला जातो. आधी ॲपमध्येच तबला थोडा खाली आणा, किंवा अँप्लिफायरचा व्हॉल्यूम थोडा उतरवून जवळ ठेवा. रियाजाला बहुतेक वेळा एवढ्याने भागतं.

तरी हवंच असेल तर एलएम३८६ चा एन-४ हा प्रकार मागा, तो १८ व्होल्टपर्यंत चालतो. त्याला आठ एए सेल लावता येतील. साध्या एन-१ ला आठ नवे सेल लावू नका, त्याची मर्यादा १२ व्होल्टची आहे आणि नवे अल्कलाइन सेल दीडच्या थोडे वर असतात. वाढलेल्या व्होल्टेजला ८ ओहमवर आयसी तापेल, बोट ठेवून बघत जा, चटका बसत असेल तर व्हॉल्यूम कमी. दुसरी वाट सोहमच्या बोर्डाची. त्याचा एकच चॅनेल वापरून तुमचाच स्पीकर आणि तुमचाच खोका जोडा. तबला रोजच लागत असेल तर मी ही दुसरी वाट घेईन.